सगळ्यांआधी झोपणारे गवत

आमच्या गावाच्या नावात गवत आहे आणि गावात गवत टिकत नाही. ग्रासएरी, म्हणजे गवताची दांडी. उत्तर ध्रुवाजवळच्या आमच्या बेटावर, खाडीच्या काळ्या पाण्यात शिरलेली जमिनीची एक अरुंद जीभ. ज्याने हे नाव ठेवले त्याने गाव जुलैत पाहिले असणार, आणि ऑगस्ट सरण्याआधी शीड उभारून तो निघून गेला असणार, असे आमच्याकडे म्हणतात. मला त्याचा राग येत नाही. जुलैत पाहिलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवून नाव देणारी माणसेही जगात असावीत.

गावाचे फुटबॉलचे मैदान राखणे हे माझे काम. मार्च सरता सरता मैदानावरचा बर्फ गेला, आणि खालून जे निघाले त्याचा रंग म्हाताऱ्या घोड्याच्या पाठीसारखा होता. पिवळा म्हणावा तर पिवळा नाही, करडा म्हणावा तर करडा नाही. मी रोज सकाळी तिथे जाऊन गुडघे टेकून बसत असे. रस्त्याने जाणाऱ्यांना वाटे, सोल्वी प्रार्थना करतो आहे. मी फक्त वास घेत होतो. बर्फाखाली गुदमरून मेलेल्या गवताला नासलेल्या दुधासारखा आंबूस वास येतो, आणि तो वास मला नको होता.

लोकांना वाटते, गवत थंडीने मरते. थंडीचे आणि गवताचे जुने सख्य आहे. गवताला मारते ती अवेळी आलेली ऊब. ऐन जानेवारीत दक्षिणेचा वारा सुटतो, बर्फ वितळून मैदानावर पाणी साचते, आणि दुसऱ्या दिवशी वारा फिरला की त्या पाण्याची काच होते. त्या काचेच्या झाकणाखाली गवत श्वास कोंडून पडून राहते, किंवा राहत नाही. या मरणाला आमच्या भाषेत ‘काल’ म्हणतात. समुद्रावर गोठून झडलेल्या बोटांनाही हाच शब्द. जमिनीचे दुखणे आणि माणसाचे दुखणे वेगळे मानण्याइतकी सवड आमच्या पूर्वजांना मिळाली नसावी.

मैदानावर वर्षानुवर्षे दक्षिणेकडून आलेले बी पेरले जाई. त्या गवताचा हिरवा रंग इतका गडद, इतका उत्साही असे की पाहणाऱ्याला उगीच आनंद व्हावा. ऑक्टोबरात डोंगर पांढरे झाले तरी ते हिरवेच, पाहुणचार संपला हे न कळणाऱ्या पाहुण्यासारखे. आणि दर वसंतात त्याचा ‘काल’ होई. मग जुलैपर्यंत मुले चिखलात खेळत.

माझे गवत निराळे होते. दरीच्या वरच्या टोकाला मेंढ्यांचा एक सोडून दिलेला गोठा आहे. दगडी भिंती, वर मातीचे छप्पर आणि छपरावर गवत. लहानपणी मी तासन्‌तास त्या छपरावर पडून राही. मला माणसांत बोलता येत नसे आणि तिथे कोणी बोलायला लावत नसे. ते गवत बारीक, केसांसारखे, आणि ऑगस्टच्या अखेरीस, अजून उन्हात ऊब असताना, सगळ्यांआधी ते तपकिरी होऊन झोपी जाई. आईने एकदा हाक मारताच अंथरुणात शिरणारे एखादे समजूतदार मूल असते, तसे. पण जूनमध्ये ते तिथे असेच. वरून कितीही हिवाळे गेलेले असोत, ते असे.

पुढे कित्येक उन्हाळे मी त्याचे बी लोकरी मोज्यांत गोळा केले, ट्रेमध्ये वाढवले, पुन्हा बी धरले. मागच्या वर्षी मैदानाला पुरेल इतके झाले तेव्हा गावसभेत मी उभा राहिलो. सभेत मी आयुष्यात एकदाच बोललो आहे, आणि ते वाक्य असे होते: “एक वर्ष मला द्या.” सरपंच स्टेनवोरने ते दिले, आणि मी ते बी मैदानभर पेरले; पण तिने अट घातली. पुढच्या ‘उन्हाळ्याच्या पहिल्या दिवशी’ मैदान जिवंत दिसले तर गवत राहील. नाही दिसले, तर दक्षिणेतून प्लास्टिकचा हिरवा गालिचा येईल, आणि मैदानावर पुन्हा कधी काही उगवणार नाही.

उन्हाळ्याचा पहिला दिवस म्हणजे एप्रिलमधला एक गुरुवार. आमच्या जुन्या पंचांगात उन्हाळा त्याच दिवशी सुरू होतो; बाहेर हिमवर्षाव होत असला तर उन्हाळ्याने तो सोसावा, अशी रीत आहे.

*

“काय म्हणतंय तुझं गवत, भाचेराव?” मामाने विचारले.

गोलपोस्टमागच्या खोपीत आम्ही कॉफी घेऊन बसलो होतो. बेर्गूर माझ्या आईचा भाऊ, गावच्या संघाचा प्रशिक्षक. आवाज असा की त्याने कुजबुज केली तरी पलीकडच्या तीरावरच्या मेंढ्या माना वर करतात. तरुणपणी बोटीवर असताना त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे ‘काल’ होऊन गेली. उरलेल्या बोटांत तो कप असा धरतो की जणू कपच त्याला धरून आहे.

“झोपलंय,” मी म्हणालो.

“झोपलंय का गेलंय?”

“झोपलंय, मामा.”

“माझी आजेसासूही झोपली होती. अख्खा रविवार आम्ही घरात हळू बोलत होतो.” त्याने क्लेइना, ती पिळाची गोड तळणी, कॉफीत बुडवली. “अरे, तुझ्यासारखंच आहे ते. जिवंत असलं तरी कोणाला सांगायचं नाही. स्टेनवोरला काय दाखवणार तू? घोंगडी?”

मी खिडकीकडे वळलो. खिडकीबाहेर मैदान पडलेले होते आणि त्याच्यावर हिमचिमण्यांचा एक थवा उतरत होता, उठत होता, कोणीतरी चादर झटकावी तसा.

“बटाट्यांवर घालतात ते पांढरं कापड घाल की,” मामा म्हणाला. “आठवड्यात हिरवं होईल. शेजारच्या उन्नूरचं गाजर बघ, कापडाखाली मार्चमध्ये पण नाचतं.”

“होईल हिरवं. पण ते बरं नाही.”

“का? हिरवं झालेलं बरं नाही? भाच्या, तुझी नोकरीच मुळी हिरवं राखायची आहे.”

मी समजावण्याचा प्रयत्न केला. माझ्या डोक्यात ते सगळे फार स्पष्ट असते. दिवस आखडू लागले की हे गवत आपल्या पेशींतले पाणी हळूहळू बाहेर काढते, घर बंद करून दूर जाणारी माणसे नळ कोरडे करून जातात तसे. उरल्यासुरल्या ओलाव्यात ते साखर साठवते. पात्यांचा मोह सोडते. त्याचे सारे जगणे पाते आणि मूळ यांच्यामधल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या एका पांढऱ्या गाठीत येऊन मातीला टेकून राहते. तिथे महिनोन्‌महिने काहीच घडत नाही, आणि ते काहीच न घडणे हीच त्याची करामत. एकदा ऊब लागून ते जागे झाले, की साठवलेली साखर खर्च होते, नळांत पाणी परत येते. आणि त्यानंतर थंडी आली, तर तेच पाणी गोठून आतून घर फोडते. जागे झालेले गवत त्याच वसंतात पुन्हा झोपू शकत नाही.

हे सगळे माझ्या डोक्यात होते. तोंडातून निघाले ते एवढेच: “लवकर उठवलं तर ते परत झोपत नाही.”

“माझ्यासारखंच की,” मामा म्हणाला आणि हसत उठला.

त्या दिवसांत मला एक स्वप्न वरचेवर पडे. मी छपरावरच्या गवतात असे, गवताइतका बारीक, आणि वर बर्फ असे. बर्फातून निळसर उजेड झिरपे. वरून कोणीतरी चालत जाई; बुटांचा आवाज ओळखीचा वाटे, पण मी हाक मारत नसे. हाक मारली तर ऊब बाहेर जाईल, असे मला स्वप्नात ठाऊक असे. जागा झाल्यावर मला त्या माणसाचे नाव आठवत नसे आणि दिवसभर कोणाची तरी क्षमा मागायची राहून गेल्यासारखे वाटे.

*

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आईच्या खुब्याचे ऑपरेशन ठरले आणि मी तिच्याजवळ आकुरेयरी शहरात राहायला गेलो. निघताना दुकानात स्टेनवोर भेटली. सरपंचकीबरोबर गावचे दुकानही तीच चालवते. आमच्याकडे सरपंचालाही नावानेच आणि अरे-तुरे करून बोलवतात, पण तिच्याशी बोलताना माझा आवाज आपोआप ‘अहो’सारखा होतो.

“सोल्वी, बाळा,” ती माझी पिशवी भरता भरता म्हणाली, “मला तुझ्या गवताचा राग नाही. मला चिखलाचा राग आहे. पोरं तो घेऊन घरी जातात, आणि त्यांच्या आया तो घेऊन माझ्याकडे येतात. गालिचेवाले विचारतायत, जहाजावर चढवू का. मी म्हटलं, पहिल्या दिवसापर्यंत थांबा.”

“बरं.”

“बरं काय? भांड की जरा! दुसरा कोणी असता तर टेबलावर मूठ आपटली असती.”

मी टेबलाकडे पाहिले. त्यावर अंडी ठेवलेली होती.

आकुरेयरीच्या इस्पितळाच्या खिडकीतून खाडीचे दुसरे टोक दिसे. आई झोपून असे आणि मी तिच्या उशाशी बसून विचार करी, की बरे होणे हेही किती निश्चल काम आहे. बाहेर ऊन पडत होते. त्या वर्षी एप्रिल विलक्षण मऊ होता. मला तो मऊपणा आवडत नव्हता.

परत आलो तेव्हा बसमधूनच मला दिसले, की मैदानावर पुन्हा बर्फ पडला आहे. अर्ध्याच मैदानावर, आणि मध्यरेषेशी सरळ कापल्यासारखा. मग बस वळली आणि तो बर्फ वाऱ्याने किंचित फुगला.

गावातल्या प्रत्येक घराने आपल्या बटाट्यांच्या वाफ्यावरचे पांढरे कापड आणून दिले होते. मामाने दारोदार फिरून ते मिळवले होते. तुकड्याला तुकडा जोडून, कडांना किनाऱ्यावरचे दगड ठेवून अर्धे मैदान झाकले होते. पुढे कापड पुरले नव्हते. एका तुकड्यावर रानबेरींच्या मुरंब्याचा डाग होता. एक तर चक्क खिडकीचा पडदा होता, त्याला बारीक जहाजांची नक्षी. मी तिथे उभा राहिलो आणि कोणता तुकडा कोणाच्या घरचा ते ओळखत गेलो. त्या एका वर्षाखेरीज या गावाकडे मी कधी काही मागितले नव्हते, आणि त्याने न मागता आपली पांघरुणे आणून माझ्या गवतावर घातली होती.

मग मी एक कोपरा उचलला. खाली मे महिना होता. ओलसर, कोवळा, भाजणारा हिरवा रंग.

“काय मग?” मामा धापा टाकत आला. “कोण म्हणतो मेलंय? बोल ना! मामाचे आभार वगैरे काही पद्धत असते.”

“मामा, हे जागं झालं.”

“तर! टुणकन.”

“आता कापड काढू नका. अजून थंडी यायची आहे. मे उजाडेपर्यंत काढू नका.”

“नाही काढत रे बाबा. दाखवायला एक कोपरा उचलू आणि परत झाकू. झालं?”

स्टेनवोरही येऊन पाहून गेली. वाकून तिने त्या हिरव्यावरून तळवा फिरवला, मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा. “हे मला समजतं,” ती म्हणाली. “हिरवं म्हणजे हिरवं. त्या अर्ध्याचं काय?”

“ते झोपलंय.”

“असू दे. अर्ध्यावरून पूर्ण ओळखता येतं. गुरुवारी उन्हाळ्याची मिरवणूक इथेच आणते.”

ती इतकी प्रसन्न होती की मला पुढे बोलवेना. मी ठरवले, कापड राहील तोवर सगळे ठीक राहील.

*

उन्हाळ्याच्या पहिल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे प्रत्येक घराच्या उंबऱ्याबाहेर बशीत पाणी ठेवतात. सकाळी पाण्यावर बर्फाचा पापुद्रा असला, म्हणजे उन्हाळा आणि हिवाळा एकत्र गोठले; मग वर्ष चांगले जाते, दुधावर जाड साय येते. सारे गाव त्या संध्याकाळी गोठण्याची वाट पाहते. लहानपणी मीही पाही. त्या वर्षी बहुधा मी एकटाच असा होतो, ज्याने बशी आत ठेवली.

आभाळ स्वच्छ होत चालले होते. उत्तरेकडचा वारा पडला होता आणि खाडी इतकी स्थिर, की डोंगर पाण्यात अधिक खरे वाटत होते. मी मैदानाला एक फेरी मारली, कापडावरचे दगड पाहिले, दोन-चार सरळ केले, घरी आलो. त्या रात्री मला स्वप्न पडले नाही.

सकाळी अंगणाअंगणातून हाका येत होत्या. “गोठलं! गोठलं!” उन्नूरने आपली बशी उलटी धरून शेजाऱ्यांना दाखवली, बर्फ बशीला चिकटून राहिला होता, तळापर्यंत. पापुद्रा नव्हे, दगड. “साय चमच्यानं कापावी लागेल यंदा!” ती ओरडली. माझ्या श्वासाची वाफ मिशीवर गोठत होती. मी मैदानाकडे चालू लागलो आणि नंतर धावू लागलो.

कापड नव्हते. ते खोपीच्या भिंतीशी होते, नीट घड्या घातलेले, पडद्याचा तुकडा सगळ्यात वर. मैदानाचे हिरवे अर्धे उघडे पडलेले होते. प्रत्येक पात्यावर दंव गोठून बसले होते, आणि नुकत्याच वर आलेल्या उन्हात ते सारे असे लखलखत होते की मी क्षणभर सगळे विसरलो. इतके सुंदर मी त्याला कधीच पाहिले नव्हते.

मामा मागून आला, नव्या लोकरी स्वेटरमध्ये, भांग पाडून.

“कापड कोणी काढलं?” मी विचारले.

“आम्हीच. जेवणं झाल्यावर सगळे मिळून आलो, घटकाभरात उरकलं.” त्याचा चेहरा मुलासारखा उजळला होता. “अरे, उन्हाळा-हिवाळा एकत्र गोठणार, आणि आपलं गवत तेवढं पांघरुणात? त्याला नको का शुभ? आत्ता परत झाकू, मिरवणूक गेली की. कायमचं कुठं काढलं? एका रात्रीपुरतं.”

मी भिंतीशी रचलेल्या त्या घड्यांकडे पाहिले.  त्याच्या मागून दूरवर बँड वाजू लागला होता.

मी वाकलो, खिशातला चाकू उघडला आणि हिरव्या अर्ध्यातून एक जुडगा मुळासकट काढला. मग मध्यरेषा ओलांडून तपकिरी अर्ध्यातून दुसरा. दोन्हींच्या गाठी दगडासारख्या गोठलेल्या होत्या. गोठलेल्या अवस्थेत जिवंत आणि मृत यांत फरक दिसत नाही. मी दोन्ही गाठी दोन मुठींत धरून उभा राहिलो, ऊब देत. मिरवणूक येईपर्यंत मी तसाच उभा होतो.

झेंडे आले, बँड आला, हातमोज्यांतली मुले आली. स्टेनवोर पुढे होती, राष्ट्रीय पोशाखात, झुबकेदार काळी टोपी घालून. ते लखलखते अर्धे पाहून सारी मिरवणूक आपोआप थांबली.

“बघा!” स्टेनवोर म्हणाली, आणि तिच्या आवाजात खरा आनंद होता. “मी दिलेला शब्द पाळते. गवत राहील. गालिचा नको म्हणून आजच कळवते!”

टाळ्या पडल्या. कोणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. मामाने दोन बोटे तोंडात घालून शीळ घातली. माझे गवत वाचले होते. मला फक्त गप्प राहायचे होते, आणि गप्प राहण्यात माझा हात धरणारा गावात दुसरा कोणी नव्हता. मी उजवी मूठ उघडली. हिरव्या अर्ध्यातली गाठ वितळली होती. तळहातावर ती पाण्याने भरलेल्या काचेसारखी पारदर्शक झाली होती आणि बोटाने दाबताच विरघळून गेली.

“स्टेनवोर,” मी म्हणालो.

“मोठ्यानं बोल, बाळा, तुतारीवाला ऐकू देत नाही.”

“हे मेलंय.”

तुतारीवाला थांबला.

“काय मेलंय?”

“हे. हिरवं. दुपारपर्यंत काळं पडेल.” मी डावीकडे हात केला, त्या घोड्याच्या पाठीकडे. “जिवंत ते आहे.”

कोणीतरी हसले आणि हसू मध्येच सोडून दिले. स्टेनवोर माझ्याकडे पाहत राहिली. “सोल्वी, मी आत्ता चारचौघांत हो म्हटलंय. आणि तू मला सांगतोस की मी ज्याला हो म्हटलं ते मेलेलं आहे, आणि ज्याच्याकडे मी पाहिलंही नाही ते जिवंत आहे?”

“हो.”

“कशावरून?”

मी दुसरी मूठ उघडली. तपकिरी पात्यांच्या तळाशी ती गाठ होती, पांढरी, घट्ट, तांदळाच्या दाण्यासारखी. मी ती चाकूने उभी चिरली आणि अर्धी तिच्यासमोर धरली. “चाखून बघ.”

“गवत?”

“हं.”

राष्ट्रीय पोशाखातल्या आमच्या सरपंचाने सगळ्या गावासमोर हातमोजा काढला, तो दाणा जिभेवर ठेवला आणि पुढच्या दातांनी चावला. ती तो सावकाश चघळत राहिली.

“गोड आहे,” ती शेवटी म्हणाली. इतक्या हळू, की ते बहुतेक माझ्यापुरतेच होते. मग तिने माझ्या उजव्या तळव्यावरचा तो पाणचट लगदा बोटाच्या टोकाने उचलून चाखला आणि तोंड वाकडे केले.

“पण दिसतंय तर किती छान!” उन्नूर मागून म्हणाली. “मेलेलं असं दिसतं होय?”

तेव्हा मामा पुढे आला. त्याचा चेहरा उतरला होता. त्याने आपला उजवा हात वर केला, दोन बोटांच्या खुंटांसकट.

“दिसतं,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज मी कधीच इतका लहान ऐकला नव्हता. “ही पण छान दिसत होती. बोटीवर गरम पाण्यात धरली तेव्हा गुलाबी झाली. मी म्हटलं, वाचलो, आणि पत्ते खेळायला बसलो. दुसऱ्या दिवशी काळी पडली.” तो त्या लखलखत्या अर्ध्याकडे पाहत होता. “पोरगं खरं बोलतंय, स्टेनवोर. ‘काल’ आहे हा. आणि पांघरूण मी काढलं.”

“आपण सगळ्यांनी काढलं,” उन्नूर म्हणाली.

मुले अजून उभी होती, धावण्यासाठी आसुसलेली, आणि कोणी त्यांना धावू दिले नाही.

“ते उठेल कधी?” स्टेनवोरने तपकिरी अर्ध्याकडे मान करून विचारले.

“त्याला वाटेल तेव्हा.”

“हे मी सभेत कसं सांगू?”

“सांग, सरपंचानं चाखून पाहिलंय,” मामा म्हणाला, आणि कोणीच हसले नाही म्हणून स्वतःच थोडासा हसला.

तिने टोपी सरळ केली. “मी आत्ता जे बोलले ते मागे घेते,” ती सगळ्यांना म्हणाली. “पण गालिचाही बोलावत नाही. थांबू या. मे संपेपर्यंत.” मग माझ्याकडे वळून, “आणि उठलं नाही तर मला दुसरा दाणा चाखायला लावू नकोस.”

*

दुपारी ऊन तापले आणि दंव उतरले. हिरवे अर्धे आधी ओले झाले, मग गडद, मग शिजवलेल्या पालेभाजीसारखे मलूल होऊन जमिनीला चिकटले. लोक येऊन पाहून जात होते, टोप्या हातात धरून. बायकांनी आपापली कापडे नेली. उन्नूर आपल्या पडद्याची घडी छातीशी धरून माझ्याजवळ थांबली.

“आम्हाला वाटलं, शुभ असतं.”

“शुभच असतं,” मी म्हणालो. “झोपलेल्याला.”

मला तिला बरे वाटावे असे काहीतरी म्हणायचे होते. ते तसे झाले की नाही, मला अजून कळलेले नाही.

नंतरचे आठवडे मला नीट आठवत नाहीत. रात्र पातळ होत होत नाहीशी झाली. सोनचिखल्या पाखरे परत आली आणि दिवसभर एकच करुण सूर लावून बसली. मी मैदानावर गुडघे टेकून बसत असे. माणसे कुंपणापाशी येत, काही न विचारता थोडा वेळ उभी राहत आणि जात. मला भीती वाटे, की मी ज्याला झोप म्हणतो आहे ती झोप नसेल. त्या एका गोड दाण्यावरून मी साऱ्या मैदानाची साक्ष दिली आहे. पण मी दुसरा दाणा काढला नाही. झोपलेल्याला सारखे हलवून, झोपलास का, असे विचारू नये.

मे महिन्यातल्या एका पावसाळी सकाळी दार वाजले. स्टेनवोर उभी होती, केस भिजलेले, पायांत दुकानातल्या चपला.

“ये,” ती म्हणाली.

आम्ही चालत गेलो. मध्यरेषेशी ती थांबली आणि तिने बोट दाखवले नाही. मी समोर पाहिले. तीच घोड्याची पाठ. मग मी मान किंचित कलती केली आणि ते तिथे होते. हिरवे म्हणता येणार नाही. हिरव्याचा नुसता विचार, तपकिरीच्या आत खोल कुठेतरी, सरळ पाहिले की विरणारा.

“खरंच दिसतंय का मी मनानं धरलंय?” तिने विचारले.

“खरंच आहे.”

“दुकान उघडताना रोज बघते. काल नव्हतं.” तिने खिशातून फोन काढला आणि पाठमोरी होऊन ती गालिचेवाल्यांशी बोलू लागली. पावसाच्या आवाजात तिचे शब्द मला ऐकू आले नाहीत. फक्त तिची मान नकारार्थी हलताना दिसत होती, ठामपणे, पुनःपुन्हा.

दुसऱ्या अर्ध्यात मामा होता. कधी आला होता कोण जाणे. पावसात, उघड्या डोक्याने, तो मेलेल्या गवताचा काळा थर दंताळ्याने ओढून काढत होता.

“बी कधी मिळेल रे?” त्याने ओरडून विचारले.

“ऑगस्टमध्ये. छपरावरचं पिकल्यावर.”

“मग तोवर अर्ध्याच मैदानावर खेळू. आमच्या पोरांना तसाही दुसरा गोल लागत नाही.”

त्याचे ओढणे चालूच राहिले. उरलेल्या बोटांत दांडा नीट बसत नव्हता, दर दोन ओढींनंतर तो घसरत होता. मी दुसरे दंताळे आणायला खोपीकडे निघालो, मध्यरेषेवरून, झोपेतून उठणाऱ्या बाजूला पाय न लावता.